पासवर्ड सांगा, नाहीतर सात वर्षं

आमचे साहेब माणसाचं नाव नंतर विचारायचे. आधी पासवर्ड.

कुणी शेळी हरवली म्हणून आलेला असो, की भावानं शेताचा धुरा, म्हणजे बांध, फोडला म्हणून आलेला असो, साहेब चष्म्यावरून त्याच्याकडे बघत आणि म्हणत, "मोबाईल आहे?" असला तर, "लॉक आहे?" लॉक असला की साहेबांच्या चेहऱ्यावर ताट वाढून आल्यासारखं समाधान पसरायचं. "काढा." शेळीवाला बिचारा फोन उघडून द्यायचा. साहेब त्यातले फोटो वर-खाली करायचे, एखाद्या फोटोत शेळी दिसली की "हीच का?" असं विचारायचे आणि फोन परत द्यायचे. शेळी ज्याची त्यानं शोधायची.

मी त्या ठाण्यात शिपाई होते. जिल्हा गोंदिया. ठाणं कोणतं ते विचारू नका, तिथले काही जण अजून नोकरीत आहेत आणि त्यांतली एक मी आहे. मी कामठ्याची. संगणकाचा कोर्स पास झाले होते, त्यामुळे ठाण्यात सायबर कक्ष उघडायचं फर्मान आलं तेव्हा वरिष्ठांनी आजूबाजूला पाहिलं आणि त्यांना मी दिसले. कक्षाला जागा मिळाली ती मुद्देमालाच्या खोलीची अर्धी बाजू. पलीकडच्या अर्ध्यात जप्त सायकली आणि मोहाच्या दारूचे डबे. पहिले कित्येक महिने आमच्या सायबर कक्षाला मोहाचा वास येत होता, आणि काही हवालदार केवळ त्यासाठी संगणक शिकायला येत.

या कक्षाचे प्रमुख म्हणून साहेब आले. पुण्याला जाऊन काही दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते. तिथं गळ्यात अडकवायला दिलेलं कार्ड त्यांनी पुढे कधी काढलं नाही. गणवेशावर ते कार्ड, साध्या कपड्यांवर ते कार्ड. एका सहकाऱ्याची आई वारली तेव्हा घाटावरही साहेब ते कार्ड घालून उभे होते. लाकडं रचताना ते पुढे लोंबायचं, मग ते हातानं पाठीवर टाकायचे, पण काढायचे नाहीत.

प्रशिक्षणात त्यांना पुष्कळ काही शिकवलं असणार. परत येताना मात्र त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली होती. कलम एकोणसत्तर. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं हे कलम सांगतं की सरकारला गरज पडली तर कुलूपबंद माहिती उघडून देण्याचा हुकूम सरकार देऊ शकतं, आणि ज्याच्याकडे चावी आहे त्यानं ती नाकारली तर त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यातल्या 'सात वर्षं' या दोन शब्दांखाली साहेबांनी लाल रेघ मारली होती. रेघ इतक्या जोरानं मारली होती की कागद फाटला होता. त्याच्या वर कलमात बरंच काही होतं. हुकूम कुणी द्यायचा, कोणत्या कारणासाठी द्यायचा, लेखी द्यायचा. तिथं 'सरकार किंवा सरकारनं विशेष अधिकार दिलेला कोणताही अधिकारी' असे शब्द होते. साहेब त्यातलं 'कोणताही अधिकारी' एवढं वाचून थांबले होते. 'विशेष अधिकार दिलेला' हे त्यांना आदरार्थी वाटत असावं.

"बाई," ते मला म्हणाले, "मी कोण?"

"साहेब."

"तसं नाही. कायद्यानं कोण?"

"अधिकारी, सर."

"संपलं," साहेब म्हणाले.

माहिती अशी कुलूपबंद करण्याला एन्क्रिप्शन म्हणतात, पण हा शब्द त्यांच्या जिभेला कधी जमला नाही. ते 'इनस्क्रिप्शन' म्हणायचे. "याने इनस्क्रिप्शन करून ठेवलं आहे," असं ते आरोपीकडे बोट दाखवून म्हणत. एकदा इतिहासाचे एक प्राध्यापक सायकल चोरीची तक्रार द्यायला आले होते. त्यांना वाटलं ठाण्याच्या हद्दीत शिलालेख सापडला. ते फार आनंदले होते.

साहेबांचं तत्त्व असं होतं की ज्याला काही लपवायचं नाही त्याला कुलूप लागत नाही. हे ते दिवसातून अनेकदा बोलायचे आणि बोलताना स्वतःच्या टेबलाच्या खणाची चावी कमरेला चाचपून बघायचे. क्वार्टरला दोन कुलपं. मोटरसायकलला हँडलचं, शिवाय चाकाला साखळी, आणि ती मोटरसायकल ठाण्याच्या आवारात उभी. घरून येणाऱ्या डब्यालाही पितळेचं छोटं कुलूप असायचं. आमचे हवालदार सौंदडकडचे, निवृत्तीला टेकलेले, कुणालाही काहीही विचारायची त्यांना मुभा होती.

"साह्यब, डब्यात का आहे जी?"

"वांग्याची भाजी."

"मंग कुलूप कायले?"

साहेबांनी चावी फिरवली, झाकण थोडंसंच उघडलं आणि म्हणाले, "खाजगी आहे."

संगणक सुरू करताना ते कक्षातल्या सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं करायचे. मला, हवालदारांना, एकदा तर तपासणीला आलेल्या वायरमनलाही. मग कळफलकावर टॉवेल टाकून, टॉवेलाखाली हात घालून, एकेक अक्षर शोधत आणि मोठ्यानं म्हणत ते आपला पासवर्ड टाकायचे. त्यांचा पासवर्ड साऱ्या ठाण्याला पाठ होता. साहेब रजेवर असले की चहावाला त्यावर क्रिकेटचा स्कोअर बघायचा.

सौंदडच्या एका फोटोग्राफरचं प्रकरण मला कधी विसरता येणार नाही. एका लग्नाचे फोटो त्यानं दिले नाहीत, हिशेबावरून काही वाद होता, म्हणून मुलीचा बाप ठाण्यात आला. साधा मामला. दोघांना बाकावर बसवलं असतं तर चहा संपेपर्यंत मिटला असता. पण फोटोग्राफर बोलता बोलता म्हणाला की फोटो हार्ड डिस्कवर आहेत आणि तिला लॉक आहे. साहेब खुर्चीतून उठले.

"इनस्क्रिप्शन केलं?"

"नाही जी, पासवर्ड टाकला. पोट्टे हात लावते म्हून."

"सांगा. नाहीतर सात वर्षं."

फोटोग्राफर हसला. त्याला वाटलं साहेब गंमत करून राहिले. साहेबांनी लाल रेघेचा कागद त्याच्यासमोर धरला. तो माणूस पांढरा पडला. लग्नाच्या फोटोंसाठी सात वर्षं! एवढी वर्षं ते लग्न तरी टिकेल का, असं हवालदार माझ्या कानात म्हणाले. त्यानं पासवर्ड सांगितला, तो नवरीच्या धाकट्या बहिणीचं नाव निघाला, आणि त्यावरून बाकावरच एक वेगळा तंटा उभा राहिला. साहेबांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी 'पुरावा तपासणी' म्हणून अख्ख्या लग्नाची चित्रफीत लावली. दुपारभर सारं ठाणं हळद बघत होतं. नवरीची आत्या नाचली ते तर दोनदा लावायला लागलं. शेवटी साहेबांनी डायरीत लिहायला सांगितलं, 'कलम एकोणसत्तरच्या अधिकारात माहिती उघडण्यात आली. आक्षेपार्ह काही आढळले नाही.' आत्याच्या बाबतीत आमच्यात मतभेद होते.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. आम्ही हसायचो, बाहेरचे घाबरायचे, आणि साहेबांना वाटायचं कायद्याचं राज्य चाललं आहे. मग ताईचं प्रकरण आलं.

ताई म्हणजे कुडव्याला भाड्याच्या खोलीत बायकांसाठी सल्ला केंद्र चालवणारी बाई. पन्नाशीच्या आसपासची, स्कूटीवर गावोगाव फिरायची. नवऱ्याचा मार खाल्लेल्या, घरातून काढलेल्या, कुणाला सांगता न आलेल्या बायका तिच्याकडे येत. ती त्यांचं सगळं ऐकून लॅपटॉपवर लिहून ठेवायची आणि त्या साऱ्याला कुलूप लावायची, असलं तसलं नाही, पक्कं. आम्हीही अडल्या बाईला तिच्याकडे पाठवायचो. तिच्याशी माझी ओळख तशीच झालेली.

एके सकाळी राईस मिलवाले भाऊ ठाण्यात आले. मोठं प्रस्थ. मिल, जमीन, निवडणुकीत दोन्हीकडच्यांना लागणारा माणूस. त्यांची सून घरातून निघून गेली होती.

"साब, इज्जत का सवाल है," ते बसताबसता म्हणाले. "त्या कुडव्याच्या बाईनं पळवलं आमच्या सुनेले. पता तिच्याकडंच आहे. तिच्या कॉम्प्युटरात सब लिखा रहता है."

"कॉम्प्युटरला लॉक आहे?" साहेबांनी विचारलं.

"असंल ना."

साहेबांच्या चेहऱ्यावर तेच ताट वाढून आल्यासारखं समाधान पसरलं. भाऊंसोबत त्यांचा मुलगा आला होता, त्या सुनेचा नवरा. तो बाहेर व्हरांड्यात उभा राहून कुणाला तरी फोनवर सांगत होता, "मिळू दे फक्त. तिचे पायच ठेवत नाही जागेवर." हे मी ऐकलं, हवालदारांनी ऐकलं, आणि दार उघडं होतं म्हणजे साहेबांनीही ऐकलं असणार. पण त्यात पासवर्ड नव्हता, म्हणून त्यांचं लक्ष गेलं नसेल.

दुपारपर्यंत लॅपटॉप जप्त होऊन आमच्या टेबलावर आला होता आणि ताई समोरच्या खुर्चीवर होती. बाईमाणसाला असं ठाण्यात बोलवायचं नसतं, चौकशी तिच्या घरी जाऊन करायची असते. हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "ही चौकशी नाही, तांत्रिक साहाय्य आहे."

"पासवर्ड सांगा," त्यांनी सुरुवात केली.

"हुकूम दाखवा," ताई म्हणाली.

"कुणाचा?"

"राज्याच्या गृहसचिवांचा. लेखी. कारणासकट."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू गृहसचिव मी कुठं ठेवले आहेत. मग म्हणाले, "गृहसचिव मुंबईला बसतात."

"हो ना. टपाल जातं मुंबईला."

"कलम एकोणसत्तर माहीत आहे? सात वर्षं आहेत."

"माहीत आहे. त्याखालचे नियमही वाचलेत. तुम्ही वाचलेत का?"

आजवर या खुर्चीवर बसून साहेबांना कुणी प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी कार्ड छातीवर नीट केलं. "तुम्ही कायदा मला शिकवू नका. ती बाई हरवली आहे. तिचा पत्ता तुमच्याकडे आहे. म्हणजे तुम्ही लपवता आहात. ज्याला काही लपवायचं नाही..."

"मी लपवतेच आहे," ताई म्हणाली. "माझं कामच ते आहे. ती हरवलेली नाही, ती सज्ञान आहे, आपल्या मर्जीनं निघाली आहे. कोर्टात बोलवा, मी तिला कोर्टासमोर उभी करते. तुमच्यासमोर नाही. तुमच्या व्हरांड्यात तिचा नवरा उभा आहे."

"तो तक्रारदाराचा मुलगा आहे."

"तेच म्हणते मी."

साहेबांनी मला लॅपटॉप उघडायला बसवलं. मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला आणि ते कुलूप उघडलं नाही, याचं मला बरं वाटलं. त्यांनी स्वतः बसून ताईच्या गावाचं नाव, आडनाव, स्कूटीचा नंबर, देवांची नावं टाकून पाहिली. ताई बौद्ध आहे हे हवालदारांनी सांगितल्यावर ते देवांवरून उठले. ताईनं पिशवीतून मुरमुऱ्यांची पुडी काढली आणि मला विचारलं, "खाशील?" मी म्हटलं, "ड्युटीवर आहे." मग तिनं साहेबांपुढे पुडी धरली. त्यांनी घेतले. मूठभर मुरमुरे खात ते बाईला तुरुंगाची धमकी देत होते आणि प्रत्येक वेळी 'सात' म्हणताना एक मुरमुरा टेबलावर उडत होता.

दिवे लागायच्या आधी तिला सोडावं लागलं. उठताना ती मला म्हणाली, हळू आवाजात नाही, चांगली सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "यात एका सुनेचा पत्ता नाही, पोरी. यात याच भागातल्या बायका आहेत. कुणाचा नवरा मास्तर आहे, कुणाचा तलाठी आहे. एकीचा नवरा तुमच्याच खात्यात आहे. कुलूप उघडलं की सगळ्या उघड्या पडतील."

दोघातिघांना अचानक बाहेर काम निघालं.

साहेबांनी गृहसचिवांना पत्र लिहायला घेतलं. 'सविनय सादर' इथपर्यंत ते आले. मग जिल्ह्याच्या कचेरीतून फोन आला की एका सुनेपायी मुंबईला पत्र गेलं तर तुम्हालाही मुंबईच्या पत्रानंच बदली कळेल. साहेबांनी पत्र फाडलं आणि कोर्टात अर्ज केला. भाऊंचा माणूस रोज विचारायला येत होता, त्यामुळे त्यांना घाई होती.

कोर्टात मी त्यांच्या मागे फाईल घेऊन उभी होते. नोटीस मिळाल्यामुळे ताईही आली होती, आणि सुनेला हजर करते असं तिनं कोर्टाला कळवलं होतं. न्यायाधीश तसे थंड माणूस. आवाज इतका लहान की सगळ्यांना पुढे झुकावं लागे.

"कलम कोणतं?"

"एकोणसत्तर, सर."

"वाचा."

साहेबांनी लाल रेघेपासून वाचायला सुरुवात केली.

"वरून वाचा."

साहेब वरून वाचू लागले. त्या ओळींवर त्यांची नजर पहिल्यांदाच फिरत होती. अनोळखी गल्लीत शिरलेल्या माणसासारखे ते दर शब्दाला थांबत होते. 'विशेष अधिकार दिलेला' इथं न्यायाधीशांनी हात वर केला.

"तुम्हाला असा अधिकार कुणी दिला?"

"सर, मी प्रशिक्षण घेतलं आहे." साहेबांनी गळ्यातलं कार्ड पुढे धरलं. कोर्टाच्या शिपायानं ते वर नेऊन दिलं, म्हणजे साहेबांच्या गळ्यातून काढून. ते कार्ड त्यांच्या अंगावेगळं झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. न्यायाधीशांनी चष्मा लावून वाचलं.

"यावर 'सहभागी' लिहिलं आहे."

मागच्या बाकावरचे वकील खोकले. साहेब म्हणाले, "हो सर. मी सहभागी झालो होतो."

"गृहसचिवांचा लेखी हुकूम आणा, मग बोलू. ती मुलगी आली आहे का?"

ताईनं दाराकडे पाहिलं. स्कार्फनं तोंड बांधलेली एक पोरगी आत आली. स्कार्फ सोडल्यावर दिसलं की जेमतेम विशीतली असेल. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला. मिलवाले भाऊ आणि त्यांचा मुलगा पहिल्या रांगेत बसले होते. तिनं तिकडे पाहिलं नाही.

"मी हरपली नाही जी," ती म्हणाली. "मी माह्या पायानं गेली. कोठी राहून राहिली ते येथी सांगत नाही. तुमाले कागदावर लिहून देते."

"ठीक आहे. हाताला काय झालं?"

"मोडला."

"कसा?"

तिनं न्यायाधीशांऐवजी पिंजऱ्याच्या फळीच्या कडेकडे बघत सांगितलं, "नवरा फोनचं कुलूप विचारून राहिला होता. मी सांगितलं नाही. तं त्यानं हात दाराच्या फटीत धरला, आन सासऱ्यानं दार लावलं."

लेखनिक ते लिहून घेत होता. आणि तेवढ्यात आमच्या साहेबांनी, सवय म्हणजे काय असते बघा, विचारलं, "फोनमध्ये काय होतं?"

न्यायाधीशांनी त्यांच्याकडे पाहिलं, पण त्याआधीच पोरगी त्यांच्याकडे वळली होती. तिला राग आला नव्हता. कुणीतरी नेहमीचाच प्रश्न विचारावा तसं तिनं उत्तर दिलं.

"माह्या मायचे फोन. आन डीएडच्या फार्माचा मेसेज. तेवढंच."

"मग सांगितलं का नाही?" साहेबांनी विचारलं.

"माहा होता म्हून," ती म्हणाली.

साहेबांनी फाईल उघडली आणि बंद केली. न्यायाधीशांनी अर्ज फेटाळला, आणि ज्या ठाण्यानं पत्ता शोधण्यात इतका उत्साह दाखवला त्यानं तेवढ्याच उत्साहानं हाताचा गुन्हा नोंदवावा असं सांगितलं. तो नोंदवला. फिर्याद मीच लिहून घेतली. भाऊ आणि त्यांचा मुलगा जामिनावर सुटले, खटला रेंगाळला, साक्षीदार विसराळू झाले, शेवटी काय झालं ते सांगण्यासारखं नाही. पोरगी मात्र परत गेली नाही. तिनं डीएड केलं, आता एका खाजगी शाळेत शिकवते, आणि थंडीत तिचा डावा हात दुखतो.

कोर्टातून परतताना जीपमध्ये साहेब बराच वेळ बाहेर बघत बसले. कार्ड त्यांच्या हातात होतं. धानाची कापणी चालू होती, रस्त्यावर पेंढा पसरला होता.

"बाई," ते म्हणाले, "आपण त्या सासऱ्याच्या बाजूनं होतो का?"

मला उत्तर माहीत होतं. पण त्यांनी ते पहिल्यांदाच विचारलं होतं, म्हणून मी त्यांना थोडा वेळ दिला. मग म्हटलं, "हो सर."

त्यांनी मान हलवली. मला खरोखर वाटलं, माणसात काहीतरी हललं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारा खत चोरीला गेलं म्हणून आला. साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"मोबाईल आहे?" साहेब म्हणाले.

ताईचा लॅपटॉप मात्र परत मिळाला नाही. अर्ज फेटाळला गेला, पण जप्ती उठवायला वेगळा अर्ज लागतो, त्यावर वेगळी सही लागते, आणि ती सही साहेबांची. ते म्हणायचे, "प्रकरण प्रयोगशाळेत पाठवायचं आहे." कधी म्हणायचे, "पाठवलं आहे." तो लॅपटॉप मोहाच्या डब्यांशेजारी पडून राहिला, मी रोज बघायची. साहेबांची बदली झाल्यावर नव्या साहेबांनी एका दिवसात सही केली, तोवर बॅटरी फुगून त्याचं झाकण उचललं गेलं होतं. तो सुरूच झाला नाही, आतली डिस्कही गेली होती. जे आमचे साहेब उघडू शकले नाहीत ते आता ताईलाही उघडता येईना. मधल्या काळात कुडव्याच्या घरमालकानं पोलिसांची जीप दारात आली म्हणून खोली खाली करून घेतली होती. कितीतरी बायकांच्या कोर्टाच्या तारखा तिच्या टिपणांशिवाय गेल्या. ताई पुन्हा स्कूटी घेऊन गावोगाव फिरली, प्रत्येकीला म्हणाली, "पहिल्यापासून सांग बाई." काहींनी सांगितलं. काही म्हणाल्या, "एकदा सांगतलं तेच लय झालं." त्या पुन्हा आल्या नाहीत.

साहेब निवृत्त झाल्याचं कानावर आलं होतं. मग काही वर्षांनी इथल्या एका कॉलेजात सायबर जागृतीचा कार्यक्रम होता, मी आता हवालदार, बंदोबस्ताला होते. फलकावर साहेबांचा फोटो. 'ज्येष्ठ सायबर तज्ज्ञ, प्रमुख वक्ते.' मी ताईला फोन केला, "येता का? आपल्या साहेबांचं भाषण आहे." ती आली, माझ्याशेजारी मागच्या रांगेत बसली. गुडघे दुखतात म्हणून पाय पुढे ताणून.

साहेब जाड झाले होते, केस काळे केले होते. भाषण चांगलं झालं. पासवर्ड कुणाला सांगू नका, आईबापालाही सांगू नका, बँकवाल्याला सांगू नका. एन्क्रिप्शन हा शब्द त्यांनी टाळला. मग प्रश्न विचारा म्हणाले. एक मुलगी उठली. पहिल्या वर्षाची असावी, आवाज कापत होता.

"सर, पोलिसांनी पासवर्ड मागितला तर द्यायचा का?"

मुलं हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला आणि इतका वेळ घेतला की प्राचार्य पुढे झुकून बघू लागले.

"लेखी हुकूम मागायचा," साहेब म्हणाले. "राज्याच्या गृहसचिवांचा. कारणासकट. घाबरायचं नाही. तो तुमचा हक्क आहे."

टाळ्या पडल्या. साहेबांना त्या आवडल्या. ते एक पाऊल पुढे आले.

"आणि एक सांगतो. या जिल्ह्यात हा मुद्दा कोर्टासमोर पहिल्यांदा माझ्यामुळे आला."

आता सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. मी उठून काहीतरी बोलणारच होते, गणवेश असो की नसो. तेवढ्यात शेजारून टाळ्यांचा आवाज आला म्हणून वळून पाहिलं. ताई वाजवत होती, चांगल्या दणदणीत.

"वाजव ना," ती मला म्हणाली. "खोटं कोठी बोलले ते? त्यांनी आधीपासून तशी दहशत घातली नसती, तं मले तरी ते नियम वाचायची काय गरज होती?"